अख्खं सापगाव ओ गटाचं

१२ जानेवारी २००३, रविवार

नव्या वर्षाचा संकल्प. (पहिले अकरा दिवस खोकल्यात गेले. ते धरायचे नाहीत.)

या वर्षी पेपर वाचायचाच. बावीस फेब्रुवारीला मुंबईत सेमिनार आहे, विषय मल्टिव्हॅलन्सी. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून एक्केचाळीस पानांची झेरॉक्स आणली आहे. चार पानं वाचून झाली. सार पहिल्या चार पानांतच असतं.

सार असं. एका रेणूने दुसऱ्याला एका हाताने धरलं तर पकड कच्ची, लगेच सुटते. तेच दहा कच्चे हात एकदम लागले तर एक सुटेपर्यंत नऊ धरून असतात. सुटका नाही. विषाणू असाच पेशीला चिकटतो, पाल अशीच भिंतीला धरून असते. आता नॅनोवाले लोक तसेच कण बनवायला निघालेत.

जेवताना हे नम्रताला समजावून सांगितलं. वीस मिनिटं लागली. ती म्हणाली, म्हणजे आघाडा. एक बी लागली तर झटकली की जाते, लुगडंभर लागल्या की बसून वेचाव्या लागतात.

उदाहरण बरं आहे. पेपरात घालीन. नाव कुणाचं घालायचं ते नंतर बघू.

वय सदतीस. ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. नेट पाच वेळा दिली. स्टाफरूममध्ये मला ठरलेली खुर्ची नाही, जी रिकामी असेल ती. लाज वाटते. पण ती या वहीपुरती.

१९ जानेवारी, रविवार

कल्पना सुचली! रक्तगट तपासणी. मल्टिव्हॅलन्सी डोळ्यांनी दिसते ती इथेच. सीरमच्या बाटलीत जे अँटीबॉडी असतात त्यांना दहा हात. रक्ताच्या थेंबात टाकलं की ते पेशी धरधरून त्यांचे गोळे करतात. ए च्या निळ्या सीरमने गोळे झाले तर ए गट. बी च्या पिवळ्याने झाले तर बी. दोन्हींनी झाले तर एबी. कशानेच नाही तर ओ. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची तिसरी बाटली कॉलेजात नाही. ते पुढच्या वर्षी.

शनिवारी शाळेत पोरांची तपासणी, रविवारी झेंडावंदनानंतर सापगावात मोठ्यांचं शिबिर. पाचशेचं टार्गेट. एवढा डेटा मुंबईवाल्यांकडेही नसेल.

निळी आणि पिवळी, एकेकच बाटली आहे. केरूभाऊ (आमचे लॅब अटेंडंट, नोकरी बावीस वर्षं) म्हणाले, सर, एवढ्यात पाचशे नाय होनार. प्राचार्य म्हणाले, नवीन बाटल्या एप्रिलनंतर. मी म्हटलं, होईल. बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्यात, चटणीच्या डब्यामागे. लाइट रोज पाच-सहा तास जाते, पण थंडीचे दिवस आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

शाळा. एकशे अठ्ठेचाळीस पोरं. तीन रडली, एक पळालं. सगळे गट आले, ए, बी, एबी, ओ. गोळे असे झकास की पोरं स्लाइडवर वाकून वाकून बघत होती.

आमची मनस्वी दुसरीत. ती रडली नाही. बी गट. कार्ड माझ्या हाताने लिहिलं. तिने ते दिवसभर फ्रॉकला पिन लावून मिरवलं. घरी येऊन आईला म्हणाली, पप्पांनी टोचलं, पन दुखलंच नाय. असं वाटलं की अकरा वर्षांत एक तरी माणूस माझ्यावर खूश आहे.

बाटल्यांत बोटभर उरलंय. त्याचं काय करायचं ते ठरवलंय.

२६ जानेवारी, रविवार

ऐतिहासिक दिवस. तीनशे बारा माणसं!

साडेदहाला बाटल्या तळाला गेल्या. मी सलाईनने भरल्या. अर्ध्या झाल्या, परत भरल्या. परत अर्ध्या, परत भरल्या. यात नवीन काही नाही. आमच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या शेवटच्या बॅचला जे ॲसिड मिळतं त्यात तोंड धुता येईल. पोरं पास होतात.

केरूभाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सर, पातळ झालं की धरत नाय. मी त्यांना झेरॉक्सचं तिसरं पान तोंडपाठ ऐकवलं. एकेकाला दहा दहा हात आहेत. दहापट पातळ केलं तरी हात तेवढेच राहतात. हाच तर मल्टिव्हॅलन्सीचा चमत्कार.

केरूभाऊ म्हणाले, हात दहा असले म्हनून भाताच्या लावनीला एकच मानूस धाडता का सर?

अडाणी शंका. पण चारचौघांत बोलले नाहीत, हे बरं केलं.

संध्याकाळ. आकडे लावले. तीनशे बारापैकी दोनशे एकसष्ट ओ!! जगात कुठेच असं नाही. सापगाव हे ओ गटाचं गाव निघालं.

२७ जानेवारी, सोमवार

पेपरचं नाव बदललं. ‘एक गाव, एक रक्त’. मल्टिव्हॅलन्सी दुसऱ्या भागात घेऊ.

आकड्यांत आणखी एक गोष्ट सापडली. साडेदहाच्या आधी आलेल्यांत सगळे गट आहेत. अकरानंतर आले ते जवळजवळ सगळे ओ. याचा अर्थ उघड आहे. ए आणि बी वाले लवकर उठतात, ओ वाले उशिरा. रक्तगट आणि झोप! यावर वेगळा पेपर होईल. गोजाबाई पहाटे चारला उठते आणि ती ओ आहे. ती अपवाद.

केरूभाऊंना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि टेस्ट ट्यूब धुवायला गेले.

३० जानेवारी, गुरुवार

गावात माझं नाव झालंय. कुंडलिक (माझा चुलतभाऊ, पंचायतीत मेंबर) म्हणतो, फाट्यावर बोर्ड लावू, ‘ओ गटाचे गाव सापगाव’. खाली तुझं नाव, साईनाथ. मी म्हटलं, नाव छोटं लिही. किती छोटं ते त्याने विचारलं नाही, म्हणून मीच कागदावर काढून दिलं.

ओ रक्त सगळ्यांना चालतं हे मी गावात सांगितलंय. त्यावर गोजाबाईचा प्रश्न, माजं रगत अख्ख्या जगाला चालतंय, मंग माज्या सुनंला मी का चालत नाय? याचं उत्तर विज्ञानाकडे नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी अडीच. शिबिराच्या गडबडीत माझीच तपासणी राहिली होती. आज घरी केली. त्याच बाटल्या. दहा मिनिटं स्लाइड हलवली. गोळे नाहीत. मी ओ. सापगावचाच ना!

पावणेतीन. नम्रताचा गट बाळंतपणाच्या फाइलवर आहे. ओ. छान. आदर्श कुटुंब म्हणून पेपरात फोटो टाकता येईल.

तीन. मनस्वी बी.

सव्वातीन. आई ओ, बाप ओ, तर मूल ओच. दुसरं काही होऊ शकत नाही. बारावीचे बायोलॉजीचे जादा तासही माझ्याकडेच असतात, हे मी दर वर्षी शिकवतो. फळ्यावर चौकट काढून.

साडेतीन. पंखा बंद केला. थंडी वाजत होती.

चार. मी संशय घेत नाही. मी फक्त नोंद करतोय.

३ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प: मी संशय घेणार नाही. शास्त्राच्या माणसाने माणसांवर नाही, आकड्यांवर विचार करावा.

नम्रताला सहज विचारलं की तुझ्या माहेरी बी गट कुणाचा. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, कोंडूचा. वर्षातून दोनदा रक्त देतो तो.

कोंडू म्हणजे तिचा आतेभाऊ, मुरबाडचा. आमच्या लग्नाआधी तिच्या घरात त्याच्याशीच तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, हे मला लग्नातच तिच्या काकूने हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मीही हसलो होतो.

आमचा टीव्ही त्याने तीनदा नीट केला. तीनदा का बिघडला?

हे लिहिताना लाज वाटली. पान फाडणार होतो. पण नोंदवहीचं पान फाडणं शास्त्रात बसत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी नम्रता अंगणवाडीत मीटिंगला गेली होती. मनस्वीला म्हटलं, पप्पांच्या प्रोजेक्टसाठी आणखी एक थेंब. तिने बोट पुढे केलं. त्याच बाटल्यांनी बघितलं.

गोळे नाहीत. ओ! माझी लेक ओ! तिला उचलून गरगर फिरवलं. शाळेत लिहिताना कार्ड बदललं असणार.

मग कॉलेजात गेलो आणि केरूभाऊंना विचारलं, आपलं असंच, एखाद्याचा गट शनिवारी बी आणि मंगळवारी ओ आला तर? ते म्हणाले, रगत बदलत नाय सर. बाटली मेली.

मी चिडलो. बाटली मेली म्हणजे दोनशे एकसष्ट माणसं मेली, पेपर मेला, बोर्ड मेला. त्यांना म्हटलं, तुम्ही तुमच्या ट्यूब धुवा. बावीस वर्षांच्या नोकरीच्या माणसाला असं बोललो. ते जी सर म्हणाले आणि धुवायला लागले. उद्या माफी मागायची.

५ फेब्रुवारी, बुधवार

माफी राहिली. केरूभाऊ कामात होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काही तरी ठाम हवं. मनस्वीला खाऊ आणायला म्हणून शहापूरला नेलं आणि एका लॅबमध्ये तिचं रक्त दिलं. घरी काय सांगायचं नाही ते तिला सांगितलं. सात वर्षांच्या मुलीला.

बी.

लॅबमधला मुलगा म्हणाला, सर, तुमचं पण करू का, दोन मिनिटांत होईल. ताज्या बाटल्या समोर होत्या. निळी, पिवळी. मी म्हटलं, घाई आहे. घाई कसलीच नव्हती. एसटीला चाळीस मिनिटं होती, ती आम्ही स्टँडवर बसून काढली. मनस्वीने बिस्किटाचा अर्धा पुडा मला दिला. मी तो खिशात ठेवला.

का नाही दिलं रक्त? नीट विचार केला. मी बी निघालो असतो तर बाटली मेलेली, म्हणजे पेपर गेला आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही. ओ निघालो असतो तर... म्हणजे न देण्यातच शहाणपण होतं.

शहाणपण कसलं. पेपर वाचावा म्हणून मी बायकोवरचा संशय तसाच ठेवला. हे वाक्य लिहायला एसटी स्टँडपासून आत्तापर्यंत वेळ लागला.

९ फेब्रुवारी, रविवार

कोंडू आला. पेरू घेऊन. मोटारसायकलवर मागे स्टिकर, लाल थेंब आणि खाली ‘बी पॉझिटिव्ह’. माणूस असा उघड उघड फिरतो!

त्याचे कान बघितले. मनस्वीचे कान बघितले. कानांबद्दल काही ठरवता येत नाही.

तो मला म्हणाला, दाजी, तुमी लय मोठं काम केलंत, मुरबाडात पन नाव निघालं तुमचं. मी पेरू खाल्ला नाही. नम्रता म्हणाली, गोड आहेत, खा की. मी म्हटलं, खोकला आहे.

संध्याकाळी मनस्वी गणिताची वही घेऊन आली. हातचे घ्यायची बेरीज. मी म्हटलं, आईकडे जा. ती तशीच उभी राहिली. मग गेली.

संकल्प: मुलीशी वागणं बदलायचं नाही. तिचा काय दोष.

१० फेब्रुवारी, सोमवार

परत आईकडे पाठवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज तिने वही आणलीच नाही.

नम्रताने विचारलं, तब्येत बरी नाय का, का सेमिनारचं टेन्शन. मी म्हटलं, टेन्शन. तिने हळद घालून दूध दिलं, शेजारी बसून राहिली. म्हणाली, नाय वाचला पेपर तर नाय वाचला, आमी काय तुमाला टाकनार आहे का?

दूध संपवलं. नजर कपातच ठेवली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सात. कुंडलिकच्या भावाचं कल्याणला ऑपरेशन. रक्त लागणार. कुंडलिकने जीप केली आणि माझ्या यादीतून आठ ओ वाले उचलले. आठवा मी. नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. जीपमध्ये सगळ्यांनी खिशाला माझी कार्डं लावली होती. कुंडलिक वाटेत प्रत्येक टपरीवर सांगत होता, सगळे ओ हायेत, सगळे.

दुपारी बारा, ब्लड बँक. तिथे कार्ड बघत नाहीत, प्रत्येकाचं रक्त परत तपासतात. नशीब. सिस्टरने एकेक नाव घेतलं आणि मोठ्याने वाचलं. ए. ए. ओ. बी. एबी. ए. ओ. मग माझं, बी.

तिने विचारलं, ही कार्डं कुणी दिली? सातही जणांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते बघण्यापेक्षा वाईट होतं. कुंडलिकने खिशातलं कार्ड काढून मुठीत दाबलं. मी मान खाली घालून सांगितलं, मी. ती म्हणाली, सर, सीरम पाण्यासारखं वापरलंत का? एखाद्याने या कार्डावर भरवसा ठेवला असता म्हणजे?

जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. पण खरं सांगायचं तर आत एक माणूस नाचत होता. मी बी! आई ओ, बाप बी, मूल बी. चौकटीत बसतं! मनस्वी माझी! पेपर गेला खड्ड्यात.

पुरेसं रक्त मिळालं, ऑपरेशन नीट झालं. परतीला कुंडलिकने एकाही टपरीवर जीप थांबवली नाही. शहापूरला उतरून अर्धा किलो जिलेबी घेतली.

संध्याकाळी सात. नम्रताला सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून. सलाईन, माझी स्लाइड, चौकट, कोंडूचे कान. मला वाटलं ती हसेल. मी स्वतः हसत सांगत होतो. कानांवर तर ती हसणारच होती.

ती हसली नाही. जिलेबीचा पुडा तसाच बांधलेला राहिला. तिने विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, दोन तारखेपासून. तिने बोटांवर मोजलं. बारा दिवस, म्हणाली. मग म्हणाली, तरीच पोरगी वही घेऊन दारातून परत यायची.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नम्रता आणि मनस्वी सकाळच्या एसटीने मुरबाडला, नम्रताच्या माहेरी गेल्या. सासऱ्यांची तब्येत बरी नसते. एक-दोन दिवसांत येतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

केरूभाऊ आपणहून आले. हातात नवीन बाटल्या. कुठून आणल्या विचारलं तर म्हणाले, आमचा पोरगा रत्नदीप, त्याच्या ओळखीने, तुमी नका विचारू. आम्ही दोघांनी घरोघर जाऊन कार्डं परत घेतली, बोटं परत टोचली. प्रत्येक दारात मी म्हणायचं ठरवलं होतं की तांत्रिक कारणामुळे. पहिल्या दारात तसं म्हटलं. केरूभाऊंनी खाली बघितलं. दुसऱ्या दारापासून म्हटलं की माझी चूक झाली.

लोक शिव्या देतील असं वाटलं होतं. कुणी दिली नाही. चहा विचारला. ते जास्त लागलं. गोजाबाई एबी निघाली. म्हणाली, म्हंजे आता माजं कुनालाच चालनार नाय? बरं झालं, सुनंला सांगते.

केरूभाऊंची माफी मागितली. ते म्हणाले, सर, स्लाइड वाळतेय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

एक-दोन दिवस झाले. आणखी दोन झाले. मुरबाडला फोन केला. मनस्वी शेजारच्या शाळेत बसते म्हणे, बाईंनी बसू दिलंय. सासरे बोलले, त्यांची तब्येत उत्तम आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सेमिनार. गेलो नाही. मुरबाडला गेलो.

सोबत ब्लड बँकेचं कार्ड नेलं होतं, पुराव्यासाठी. एसटीत चारदा काढून बघितलं. बी, शिक्का, सही. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, तीन मुद्दे.

मनस्वी ओट्यावर खेळत होती. मला बघून उठली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी म्हटलं, सुई नाही आणली गं. तिने मान हलवली, पण हात पुढे आणले नाहीत.

नम्रता बाहेर आली. मी मुद्दे विसरलो आणि कार्ड दिलं. तिने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली. मग विचारलं, आन बी निघालं नसतं तर?

इतके दिवस या वहीत एवढं लिहिलं, हा प्रश्न मात्र सात तारखेला तीन टिंबांवर सोडून दिला होता. मी म्हटलं, परत टेस्ट केली असती.

खरंच असं म्हटलं मी. तेच आलं तोंडात.

तिने कार्ड माझ्या हातात परत दिलं आणि मनस्वीला घेऊन आत गेली. सासऱ्यांनी चहा आणला. मी चहा घेतला, कप ओट्यावर ठेवला आणि साडेचारच्या गाडीने सापगावला परत आलो.